सुधारित आराखडा

पस्तीस वर्षं मी नगररचना कार्यालयात ट्रेसर होते.
दुसऱ्यांनी काढलेल्या रेषांवरून
शाईचं पेन फिरवलं, एवढंच.
म्हणून देवपुरातल्या आमच्या कॉलनीने
ओपन स्पेसमधली भाजीबाग नव्याने आखायला
माझ्याकडे दिली, तेव्हा पहिल्या रात्री
मी नुसत्या पेन्सिली तासत बसले.

जुना आराखडा झोपे सरांचा. गणिताचे मास्तर.
अठरा वाफे, सगळे चौकोनी, सगळे सारखे,
भांडण नको म्हणून.
नळ मात्र एकच, तोही वायव्येच्या कोपऱ्यात.
सारखेपणा कागदावर होता.
पाण्याला तो कोणी सांगितला नव्हता.

माघ लागला तेव्हा
पहिल्या वाफ्यातली मेथी दोनदा खुडून झालेली,
अठराव्यातली काळी माती अशी तडकलेली
की भेगेत पट्टी उभी राहावी.
मी उभी करून पाहिली. सहा इंच.
अठरावा वेणूबाई भामरेंचा.
भेगेकडे न बघता त्या म्हणाल्या,
"पानी आठेलोंग येस नही, ताई.
वास येस फक्त."

टेपचं दुसरं टोक तडवींच्या सुभानने धरलं
आणि दर मापाला सरड्यामागे पळाला.
तरी मापं झाली.
मी चौकोन पुसले.
मधोमध पाट काढला, केळीच्या पानाच्या शिरेसारखा,
दोन्ही अंगांना अरुंद पट्ट्या,
प्रत्येक पट्टीचं तोंड पाटाला लागलेलं.
वाट काढली सरळ, ओळंब्यात.
पण पावलांनी आधीच एक तिरकी काढून ठेवली होती,
नळ ते फाटक.
दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा तिसरी लहान,
हे सरांनीच शिकवलेलं.
वर्ग ऐकत होता म्हणायचा.
मी माझी वाट पुसली, त्यांची ठेवली,
पाट ओलांडायला एक शहाबादी फरशी.

रविवारी निंबाखाली कागद पसरला.
उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर
वीट, खुरपं, कोणाचा तरी मोबाइल
आणि कळण्याच्या भाकरींचा डबा.
झोपे सरांनी बोटाने पट्ट्या मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
"क्षेत्रफळ?"
"तेवढंच, सर."
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
बराच वेळ पुसतच राहिले.

वेणूबाई वाकून बघत होत्या.
त्यांचे वडील पांझरेच्या फडावर पाटकरी.
म्हणाल्या, रेघा चांगल्या आहेत,
पण शेवट कोणाच्या तरी नशिबी येणारच ना?
मना बाप आधी शेपटाला पाजायचा, मग तोंडाला.
"तोंडनं काय,
ते जाता-जाता चाटी लेस."

कोणी बोललं नाही.
मी लाल पेन्सिल शोधत होते.
नकाशात उत्तरेला खूण असते,
विहिरीला असते, स्मशानाला असते,
आधी कोण आणि मग कोण, याला नसते.
मी शेवटच्या पट्टीवर एक लिहिलं
आणि उलटी मोजत नळापर्यंत आले.

राहिलं पिंजारींचं वांगं.
बरोब्बर पाटाच्या रेषेत उभं,
एकेक फळ तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं.
"काढून टाका," पिंजारी म्हणाले, पण असे म्हणाले
की तिघीजणी एकदम ओरडल्या,
भरताची पार्टी होऊ द्या आधी!
तेवढ्या जागी मी रेषा वाकवली
आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं:
तात्पुरतं वळण.

मंगळवारी नळ सोडला.
सतरा दारं मातीने बंद,
सतरा जण आपापल्या दारापाशी उभे,
कोणाच्या हातात फावडं, कोणाचे हात मागे.
पाणी सगळ्यांसमोरून गेलं.
एका-दोघांनी जरा जास्तच वाकून पाहिलं.
फरशीखालून गेलं, वांग्यापाशी आलं, थबकलं,
आणि मी काढलं होतं त्याहून
मोठं वळण घेऊन पुढे निघालं.

भेगांनी ते पिताना आवाज होतो.
मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन
मी नकाशातलं वळण तेवढं दुरुस्त केलं.